के. डी. खिल्लारे यांच्या नावाचं पाकीट

पाकीट फोडलं ते मोठ्या काकांनी. फोडायला नको होतं; पण पंतनगरच्या ह्या घरात मार्तंड खिल्लारेंना कशालाही नको म्हणायची कुणाची टाप नव्हती. धाकट्या भावाला, धोंडिरामला, हिंगोलीहून मुंबईला आणलं त्यांनी. माहुलच्या रिफायनरीत फिटर म्हणून चिकटवलं त्यांनी. घाटकोपरची ही दोन खोल्यांची म्हाडाची जागाही त्यांनीच हेरलेली. तेव्हा शनिवारी दुपारी कुरिअरवाला दारात येऊन 'के. डी. खिल्लारे?' म्हणाला आणि काकांनी सही ठोकून पाकिटाची कड टर्रकन फाडली, यात त्यांना स्वतःला काही वावगं वाटलं नाही.

केतन तेव्हा आत काकडी चोचवत होता. आईची शनिवारी अर्धी ड्यूटी असायची. मुलुंडच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलातून घरी यायला तिला अडीच वाजायचे. त्याच्या बायकोला, अनुपमाला, सातवा महिना. तिच्या डोहाळजेवणाची तारीख धरायला काका देवनारहून मुद्दाम आले होते, म्हणून आज भातापासून कोशिंबिरीपर्यंत सगळं केतनच्या गळ्यात होतं.

"केत्या! अरे ए केत्या! बाहेर ये आधी!"

तो सुरीसकट बाहेर धावला. काका खोलीच्या मधोमध उभे होते, हातात जाडसर पांढरे कागद.

"अमेरिकेहून आलंय. वकिलाचं पत्र आहे वर. के. डी. खिल्लारे यांचा अर्ज मंजूर झालाय म्हणतो. मंजूर! तीन वर्षांचा व्हिसा!" काकांचा आवाज फाटला. "धोंडू, अरे बसलायस काय नुसता? पोरगा अमेरिकेला चालला तुझा!"

केतनच्या कानात दडे बसल्यासारखं झालं. कारण हे होणं शक्य नव्हतं, आणि शक्य नाही हे घरात फक्त त्यालाच ठाऊक होतं. दर मार्चमध्ये त्याची अंधेरीची कंपनी त्याचं नाव अमेरिकेच्या व्हिसाच्या लॉटरीत घालायची. तीनदा आलं नव्हतं. चौथ्यांदाही आलं नव्हतं. नऊ दिवसांपूर्वी तशी मेल आली होती. ती त्याने ऑफिसच्या जिन्यात उभं राहून वाचली आणि घरी येऊन सांगितलं, 'अजून निकाल नाही.' दुसऱ्या दिवशी तेच सांगितलं. मग रोजच.

पण कागद समोर होता. काही चूक झाली असेल. दुसरी यादी लागली असेल. अशी लागते कधीकधी, लोक म्हणतात. त्याच्या छातीत काहीतरी उसळून वर आलं, आणि त्याने ते दाबलं नाही.

पप्पा उठले. धोंडिराम खिल्लारे आयुष्यात फार बोलले नव्हते. त्यांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिथेच राहिला, जड. अनुपमा पलंगाच्या कडेवर बसून हसता हसता रडायला लागली. "खरंच? केतन, खरंच आलं?" काकांनी तोवर हिंगोलीला फोन लावलाही होता. "हां, मार्तंड बोलतोय. आपला केतन गेला अमेरिकेला! अरे, गेला म्हणजे चाललाच. सांग सगळ्यांना. जय भीम, जय भीम!"

मोरीचं दार उघडून संघमित्रा बाहेर आली. केतनची बहीण, त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी धाकटी. कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवायची. ओल्या केसांना टॉवेल गुंडाळलेला. काकांच्या हातातले कागद तिने पाहिले, आणि तिचा चेहरा असा उतरला की अनुपमाचं हसू तिथल्या तिथे थांबलं.

"ते कुणी फोडलं?"

"मी. का गं?"

"ते आईचं आहे."

कुणाला काही कळलंच नाही. 

"काय आईचं?" केतनने विचारलं.

"पाकीट. व्हिसा. ते सगळंच." तिने टॉवेल काढून खांद्यावर टाकला. "दुसरा कागद बघ ना. पूर्ण नाव असेल."

केतनने काकांच्या हातातून दुसरा कागद ओढून घेतला. वर अमेरिकेच्या सरकारचा शिक्का होता, त्याखाली चौकटी. एका चौकटीत पूर्ण नाव होतं. खिल्लारे, कमल धोंडिराम. त्याच्या शेजारी व्हिसाचा प्रकार, 'ओ-वन', आणि खाली एक ओळ. ती त्याने मनातल्या मनात दोनदा मराठीत केली, आणि दोन्ही वेळा ती तशीच निघाली. असाधारण क्षमता असलेली परदेशी व्यक्ती.

"कमल?" मोठ्या काकांनी विचारलं. "कुठली कमल?"

थट्टा नव्हती. ते खरोखरच आठवत होते. नात्यातल्या, गावातल्या, वस्तीतल्या कमल त्यांनी डोळ्यांसमोर आणल्या असाव्यात. मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे आज कुणी नव्हतं. "आपली? ती हॉस्पिटलात जाते ती?"

"हो," संघमित्रा म्हणाली. "ती जाते ती."

पप्पांचा हात अजून केतनच्या खांद्यावर होता. तो हळूच सरकला आणि खाली गेला.

अडीचला पाच कमी असताना कमल आली. चौपन्न वर्षांची, ठेंगणी, डबा आणि छत्री एकाच पिशवीत. चपला काढताना तिने काकांच्या पायांशी पडलेलं फाटकं पाकीट पाहिलं.  चपला नीट जोडून ठेवल्या, हात धुतले, पदराला पुसले, आणि मग म्हणाली, "जेवलात का भाऊजी?"

"जेवण राहू दे. हे काय आहे ते सांग आधी."

"व्हिसाची मंजुरी आहे." ती खुर्चीवर टेकली. "बुधवारी मेल आली होती मित्राला." तिने संघमित्राकडे पाहिलं. " कागद इतक्यात येतील असं वाटलं नाही. आज तुमची जेवणं झाली की सांगणार होते."

"बुधवारी?" केतनचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "आई, अर्ज कधी केला होतास तू?"

"जानेवारीत पाठवला. त्याआधी वर्षभर कागद गोळा करत होतो आम्ही दोघी."

"वर्षभर! आणि मला एका शब्दाने..."

"तुझा निकाल येऊ दे म्हणून थांबले होते रे. म्हटलं, त्याचं आलं की त्याच्या पाठोपाठ आपलं सांगू. माझं आधी आलं तर तुला कसं वाटेल?" ती क्षणभर थांबली. "येईलच ना आता तुझं?"

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. काकांनी, पप्पांनी, अनुपमाने. खोटं बोलायला एक शब्द पुरला असता. नऊ दिवस पुरला होता.

"माझं नाही आलं," केतन म्हणाला. "नऊ दिवस झाले."

अनुपमा सावकाश उठून उभी राहिली. एक हात कमरेवर, दुसरा भिंतीला. "नऊ दिवस? आणि मला रोज सांगतोस अजून निकाल नाही? मी माझ्या आईला सांगून बसलेय, केतन. तिने तिच्या बहिणींना सांगितलंय."

"सांगणार होतो गं."

"सगळे सांगणारच होते इथे. कुणी सांगितलं कुणालाच नाही. झकास घर आहे!"

मोठ्या काकांनी कागद पलंगावर आपटले. चाळीस वर्षं देवनारला मुकादमी केलेला माणूस. गोंधळ माजला की हाताशी येईल ती सूत्रं घ्यायची त्यांना सवय होती. "हे बघा. पोराचं झालं नाही, त्याचं वाईट वाटतं. ते पुढल्या वर्षी होईल. आता हिचं बोला. कमल, सून सातव्या महिन्यात आहे. जूनमध्ये घरात लेकरू येणार. तू राजीनामा देऊन त्याला सांभाळणार असं ठरलंय. आणि तू तीन वर्षं अमेरिकेत? काय बोलतेस तू?"

"हो ना आई," अनुपमा म्हणाली. नवऱ्यावरचा राग अजून आवाजात होता, पण आता त्याला दुसरी वाट मिळाली होती. "तुम्ही म्हणाला होतात, जूनमध्ये नोकरी सोडते. मी माझ्या ऑफिसात तसं सांगून ठेवलंय."

"मी नव्हते म्हणाले." कमल अगदी शांत होती. "संक्रांतीला तुम्ही सगळे बसला होतात, तेव्हा हे ठरलं. मी पोळ्या लाटत होते. कुणी विचारलं नाही, मी बोलले नाही. ती चूक झाली माझी."

"पण जायचंच कशाला?" काकांचा आवाज चढला. "चौपन्न वर्षांच्या बाईला कोण बोलावतं तिकडे? इंग्रजी येतं तुला? भांडी घासायला नेतील, वाट लागेल तुझी. काय रे केतन, तू तर कॉम्प्युटरमधला माणूस. तुला नाही घेतलं, आणि हिला घेतात? पटतंय का तुला?"

केतनला पटत नव्हतं. तीच तर अडचण होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काका त्याच्या मनातलं बोलत होते. त्याने इंजिनिअरिंग केलं होतं, कसल्या कसल्या परीक्षा दिल्या होत्या, चार वर्षं ह्या एका कागदाची वाट पाहिली होती. आणि हे आईला! शाळेत कुणी विचारलं तर तो सांगायचा, माझी आई डोळे बनवते, पोरं हसायची. कॉलेजात गेल्यावर सांगायचा, आई हॉस्पिटलमध्ये असते. लोकांना नर्स वाटायची, तो वाटू द्यायचा. ती नेमकं काय करते हे पाहायला तो कधी गेला नव्हता.

"पण आई," तो म्हणाला, "तुझ्यात असाधारण असं आहे काय?"

बोलून गेला आणि त्याला स्वतःचेच शब्द ऐकू आले. पप्पांनी झटकन मान वर केली. अनुपमासुद्धा त्याच्याकडे बघत राहिली.

कमलने मात्र तो प्रश्न पडला तसा उचलला. "तेच मी त्या वकिलाला विचारलं होतं," ती म्हणाली. "फोनवर. मित्राने माझं बोलणं इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, तुम्ही कागद पाठवा, आम्ही सांगतो."

संघमित्रा आतल्या खोलीत गेली आणि दोन बोटं जाड, स्पायरल लावलेली फाइल घेऊन आली. ती तिने केतनच्या मांडीवर ठेवली, ठेवली म्हणजे टाकलीच. "दोनशे चौदा पानं आहेत. वाच. मोठ्याने वाच, सगळ्यांना कळेल असं."

"मित्रा, राहू दे," कमल म्हणाली.

"नाही आई. त्याने विचारलंय ना? वाच रे दादा."

तो वाचू लागला. एक वाक्य इंग्रजीतून, मग तेच मराठीतून. पहिलं पत्र ओहायोतल्या मुलांच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून आलेलं. डॉक्टर हेलन प्रॅट. त्या लिहीत होत्या की तान्ह्या बाळाच्या डोळ्यात कॅन्सर निघाला तर कधीकधी तो डोळाच काढावा लागतो. मग खोबण रिकामी ठेवून चालत नाही. ठेवली तर तेवढ्या बाजूचं हाड वाढत नाही आणि चेहरा एका अंगाने दबतो. म्हणून बाळ वाढेल तसा दर काही महिन्यांनी थोडा मोठा नकली डोळा बसवावा लागतो, आणि दर वेळी माप घ्यायला त्या जिवाला भूल द्यावी लागते. जगभर असंच चालत आलं होतं. मुंबईतल्या एका बाईने शेकडो बाळांची मापं वर्षानुवर्षं वहीत टिपून मऊ, लवचीक असे सात साचे तयार केले. बाळ आईच्या मांडीवर जागं असताना ते बसवून माप घेता येतं. भूल लागत नाही. त्यावर डॉक्टरांबरोबर तिच्याही नावाने शोधनिबंध छापून आला. "आज आमच्या दवाखान्यात आणि इतर अनेक ठिकाणी," केतनने वाचलं, "ह्या साच्यांना आम्ही 'खिल्लारे सेट' म्हणतो."

तो थांबला. परत वाचलं. खिल्लारे सेट.

चार वर्षं तो ज्या देशाच्या दारावर धडका मारत होता, तिथे त्याचं आडनाव आधीच पोचलं होतं. रोज कुणी ना कुणी ते उच्चारत होतं.

"सात साचे म्हणजे ते," पप्पा अचानक म्हणाले, "तू डाळीच्या डब्यात ठेवायचीस ते? मेणाचे?"

"पहिले मेणाचेच होते. उन्हाळ्यात वितळायचे म्हणून डाळीत."

"मला वाटायचं, पोरीचं काहीतरी शाळेचं असेल."

पुढचं पत्र श्यामकांत सरांचं होतं. ह्या म्हाताऱ्या कारागिरानेच कमलला हे काम शिकवलं होतं. पूर्वी ती साकीनाक्याच्या एका गाळ्यात प्लास्टिकच्या बाहुल्यांचे डोळे रंगवायची, तिथे त्यांनी तिचा हात पाहिला. 'दिवसाला सहाशे डोळे काढणारी ती मुलगी एकही डोळा दुसऱ्यासारखा काढत नव्हती, म्हणून मालक तिला ओरडत होता. मी तिला घेऊन आलो,' असं त्यांनी लिहिलं होतं. ते मराठीतच होतं. केतनला भाषांतर करावं लागलं नाही. 

तिसरं पत्र हॉस्पिटलच्या प्रमुख डॉक्टरांचं. त्याने पान उलटलं, आणि संघमित्रा एकदम पुढे झाली. "ते नको. ते पुढचं वाच, पेपरातली बातमी आहे."

"वाचू दे," कमल म्हणाली.

"आई..."

"वाचू दे गं. आज सगळंच निघालंय."

केतनने वाचलं. "श्रीमती खिल्लारे यांची गुणवत्ता आमच्या संस्थेने फार पूर्वीच ओळखली होती. दोन हजार तेरा साली परदेशातील एका वर्षाच्या प्रशिक्षणासाठी आमच्याकडून केवळ त्यांची निवड झाली होती. मात्र कौटुंबिक कारणास्तव त्यांच्या घरून दूरध्वनीवर नकार कळवण्यात आल्याने..."

त्याने मान वर केली. "तेरा साली? मी बारावीला होतो. तू कधी बोलली नाहीस."

"मला माहीतच नव्हतं," कमल म्हणाली.

तिने कुणाकडेही पाहिलं नाही. हातातल्या पदराच्या काठावर अंगठा फिरवत ती बोलत राहिली. "माझी आई शेवटची आजारी होती तेव्हा. मी पंधरा दिवस गावाला होते. तिथे रेंज नव्हती. जाण्याआधी मोठे डॉक्टर म्हणाले होते, एका माणसाचं नाव परदेशाला पाठवायचंय, बघू. आईचं सगळं उरकून मी परत आले, तर दुसऱ्याच मुलीचं जायचं ठरलेलं. बी.एस्सी. झालेली होती. मी म्हटलं, बरोबरच आहे. आपण दहावी पास. आपल्याला कोण पाठवेल? मोठे डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांना वाटलं, मीच नाही म्हटलं, कशाला जखमेवर बोट ठेवा. बारा वर्षं. बारा वर्षं मी असं धरून चालले की मला बघितलं आणि मी कमी पडले. म्हणून मग आणखी वह्या, आणखी मापं. नोव्हेंबरात मित्राने हे पत्र आणलं तेव्हा कळलं की नकार माझ्या घरून गेला होता."

खालच्या अंगणात जयंतीच्या मंडपाचे बांबू उतरवत होते. एकेक बांबू जमिनीवर आदळल्याचा आवाज येत राहिला.

"फोन मी घेतला होता," धोंडिराम म्हणाले.

केतनने आधी काकांकडे पाहिलं होतं. त्याला खात्री होती, हे काकांचंच काम. वळून बघितलं तर पप्पा भिंतीला पाठ लावून उभे होते, रिफायनरीच्या गेटवर झडतीसाठी उभे राहायचे तसे, दोन्ही हात शरीरापासून लांब.

"मी त्याला सांगितलं तसं," काका घाईने म्हणाले. "दोन पोरं शिकतायत, बाई वर्षभर बाहेर, घर कोण बघणार? मोठा म्हणून सांगितलं मी. त्यात काय चुकलं?"

"तुम्ही सांगितलं, पण फोनवर मी बोललो ना भाऊ." पप्पांचा आवाज खोल गेला होता. "ते डॉक्टर म्हणाले, त्यांना एकदा विचारा. मी म्हटलं, विचारलंय. ती नको म्हणते. असंच म्हटलं मी."

"का?" हा प्रश्न कमलचा. बारा वर्षांचा नसला, तरी पाच महिन्यांचा होता. "मला एवढंच हवंय. नोव्हेंबरपासून रोज वाट बघतेय, तुम्ही कधीतरी आपणहून सांगाल. का?"

धोंडिरामांनी लांब धरलेले हात खाली सोडले.

"तू लग्न होऊन आलीस तेव्हा रस्ता ओलांडायला माझा हात धरायचीस," ते शेवटी म्हणाले. "बसचा नंबर मी वाचून द्यायचो. आणि तू एकटी विमानाने जाणार. लोक काय म्हणतील याची नव्हती मला भीती. परत आल्यावर तू मला काय म्हणशील, तेच कळेना."

कमलने मान हलवली. माफ केलं असं त्या हलण्यात काही नव्हतं. ऐकलं, एवढंच. डोळे मात्र भरून आले आणि ते तिने पुसले नाहीत.

मोठे काका खाकरले. "झालं ते झालं. आता त्याचं काय? ह्या वयात उगाच..."

"भाऊ." धोंडिरामांनी मधेच तोडलं. तेवढ्यानेच काका गप्प झाले. ह्या घरात त्यांचं बोलणं असं कधी तुटलं नव्हतं. "गावाला परत फोन लावा. म्हणावं, केतन नाही. कमल."

"अरे पण..."

"नाहीतर मी लावतो."

काका फोन हातात धरून उभेच राहिले. तो त्यांनी लावला नाही. कुणाचा निरोप न घेता चपला घालून ते जिना उतरून गेले, आणि डोहाळजेवणाची तारीख तशीच राहिली. धोंडिरामांनी मग स्वतःच भिंतीवरच्या यादीतून नंबर शोधला.

अनुपमा कमलशेजारी येऊन बसली होती. "आई, कधी जायचंय?" तिने हलक्या आवाजात विचारलं.

"ओहायोच्या दवाखान्याला सांगितलंय, सप्टेंबरच्या आधी नाही. तुझं बाळंतपण जूनमध्ये. पहिले अडीच महिने मी आहे, त्यात कमी-जास्त नाही करणार."

"मग माझी आई येईल. ऑफिसजवळ पाळणाघर आहे एक." तिने नवऱ्याकडे पाहिलं. राग अजून गेला नव्हता, पण त्याची धार बदलली होती. "आणि केतन आहे ना. काकडी चोचवता येते त्याला, लंगोट बदलायला शिकेल."

कुणीतरी हसायला हवं होतं. कुणी हसलं नाही. केतनच्या मांडीवर दोनशे चौदा पानं होती, आणि मघाचा आपलाच प्रश्न त्याला अजून ऐकू येत होता.

वांद्र्याच्या वकिलातीतली मुलाखत तीन आठवड्यांनी होती. तोवर रोज संध्याकाळी केतन आईला प्रश्न विचारून तयारी करून घ्यायचा. तिथे मराठी दुभाषी मिळतो, त्यामुळे भाषेची चिंता नव्हती. अडायचं ते पहिल्याच प्रश्नावर.

"तुम्ही काय काम करता?"

"हॉस्पिटलात मदत करते."

"मदत नाही, आई!"

"सवय आहे रे जिभेला."

घरात पप्पा आणि आई एकमेकांशी लागेल तेवढंच बोलत होते. तिच्या व्हिसावर नवऱ्यालाही जाता येतं, अवलंबित म्हणून, हे केतनने वाचून काढलं आणि एके दिवशी जेवताना सांगितलं. पप्पांनी घास तोंडाशी धरून आईकडे पाहिलं. "आधी मी जाते," आई म्हणाली. "एकटी. मग बघू." पप्पांनी मान डोलावून घास खाल्ला. मुलाखतीच्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी तिची साडी इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर नीट टाकून ठेवली होती, आणि तिने ती नेसली.

वकिलातीच्या आत सोबतच्या माणसाला जाऊ देत नाहीत. केतन समोरच्या फुटपाथवर उन्हात उभा राहिला. दीड तासाने ती बाहेर आली. हातात फक्त प्लास्टिकचा फोल्डर.

"पासपोर्ट कुठाय?"

"ठेवून घेतला त्यांनी."

चार वर्षं ह्या गोष्टी वाचण्यात घालवलेल्या केतनला त्याचा अर्थ कुणी सांगायला नको होता. पासपोर्ट परत दिला तर नकार. ठेवून घेतला तर झालं.  तो तिथल्या कठड्याला धरून उभा राहिला.

"काय विचारलं?"

"दोनच प्रश्न. काय काम करता? मी म्हटलं, ज्या बाळांचा डोळा गेलाय त्यांना डोळा करून देते. मग तो म्हणाला, हे काम तुमच्यासारखं आणखी कोण करतं?" तिने कपाळावरचा घाम टिपला. "मी म्हटलं, कुणी नाही. केतन, हे मी आधी कधी तोंडाने बोलले नव्हते. खोटं बोलल्यासारखं वाटत होतं. पण खरंच आहे रे ते."

तिला घरी जायचं नव्हतं. एक वाजता हॉस्पिटलात यवतमाळची एक मुलगी येणार होती, तिला नवा डोळा बसवायचा होता. केतनने रिक्षा थांबवली, तिला बसवलं, आणि दार नसलेल्या त्या दारात हात ठेवून उभा राहिला.

"आई, मी येऊ?"

"तू? काय करणार तिथे?"

"बघतो."

ती आत सरकली.

खोली लहान होती. लाकडी खणांत पावडरी रंगांच्या बाटल्या, केसाएवढ्या बारीक टोकांचे ब्रश, एका बशीत लाल रेशमाचे धागे. त्या धाग्यांच्या शिरा करतात, हे त्याला तिथे कळलं. मुलगी दोन-अडीच वर्षांची होती, आईच्या मांडीवर बसून बिस्किट खात होती. एका पापणीच्या मागे पोकळी होती. केतनची नजर तिथून निसटत राहिली. कमलची निसटली नाही. ती पोरीशी बिस्किटाबद्दल बोलत होती, बोलता बोलताच तिने बोटाने पापणी उचलली, डोळा आत सरकवला, आणि पोरीच्या हातातून बिस्किटाचा तुकडा घेऊन स्वतः खाल्ला. पोर रडलीसुद्धा नाही. तिने दोनदा डोळे मिचकावले आणि खोलीत नवीन आलेल्या माणसाकडे, केतनकडे, टक लावून पाहिलं.

 तिची आई लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरून नुसती बघत राहिली.

केतन खाली वाकला. एकदा ह्या डोळ्यात बघितलं, एकदा त्या. पुन्हा बघितलं. दोन्हींत तपकिरी रंगाच्या आत तोच मधासारखा पिवळट उजेड, दोन्हींच्या कडेला तीच बारीक तांबूस शीर. आत्ता, डोळ्यांदेखत एक बसवलेला त्याने पाहिला होता.

"आई," तो कुजबुजला, "ह्यातला तू केलेला कुठला?"

कमल ब्रश पुसत होती. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"असं विचारायचं नसतं," ती म्हणाली.